लाह्या करपल्या तेव्हा

मक्याच्या लाह्या करण्यात ताईचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. तसं घरात होतं तरी कोण? ती आणि तिची धाकटी बहीण. आईवडील गेल्यावर दोघी एकमेकींना धरून राहिल्या. सुट्टीच्या दुपारी जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवायचं, दाणे टाकायचे आणि पहिला दाणा फुटला की झाकण दाबून पातेलं हलवत राहायचं, हा ताईचा ठरलेला उद्योग. धाकटी ओट्याला टेकून नुसत्या सूचना करायची.

मग चाळिशी उलटल्यावर धाकटीने लग्न केलं. नवरा लाकडी सामानाला पॉलिश करणारा, पहिली बायको गेलेला, स्वभावाने गोड. ताईने हौसेने सगळं केलं आणि धाकटी लांबच्या गावी नांदायला गेली. ताईने त्यानंतर लाह्यांचं पातेलं काढलंच नाही. एकटीसाठी कोण खटाटोप करणार?

घर गप्प झालं. ताईला वाटलं, माणूस कमी झालं म्हणून असेल. पण पुढे पुढे नळ चालू राहिलेलाही कळेना. तिचा उभा जन्म कपड्यांच्या कारखान्यात, शिलाई मशीनच्या घरघरीत गेला होता. तिथे सगळ्याच बायका ओठांवरून बोलणं ओळखायच्या. त्यामुळे तिचे कान कधी गेले ते कोणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही उशिराच आलं. फोनवर मात्र ओठ दिसत नाहीत. धाकटीचा फोन आला की ताईला नुसती गुणगुण ऐकू यायची. "हो", "बरं", "छान" एवढ्यावर ती वेळ मारून न्यायची. खरं सांगितलं तर ही हातातला संसार टाकून धावत येईल, याची तिला धास्ती. हळूहळू फोन कमी झाले. ताईला सुटल्यासारखंही वाटलं आणि आतून तुटल्यासारखंही.

एका सुट्टीला धाकटी अचानक दारात उभी राहिली. खरं तर दार वाजवून वाजवून दमली आणि जवळच्या जुन्या किल्लीने आत आली. ताई दचकली, मग हरखली. धाकटीचे ओठ मात्र घट्ट मिटलेले. चहा झाला, हवापाण्याचं बोलणं झालं, पुढे विषय सरकेना. तेव्हा हिला खूश करावं म्हणून ताई लाह्या करायला उठली. धाकटी बाहेरच्या खोलीत पेपर चाळत बसली.

तेल तापलं, दाणे पडले, झाकण बसलं. ताई पहिला दाणा फुटायची वाट बघत राहिली. आवाज नाही. दाणे जुने झाले असतील, असं म्हणून तिने आच वाढवली. तरी आवाज नाही. मग नाकात करपल्याचा वास शिरला, आणि त्याच क्षणी मागून एक हात आला आणि त्याने गॅस बंद केला. ताई केवढ्याने दचकली. झाकण काढलं तर पातेलं काठोकाठ भरलेलं, तळ काळाठिक्कर.

ती वळली. धाकटीचे ओठ नुकतेच मिटत होते आणि डोळे भरले होते.

"काय म्हणालीस?" ताईने विचारलं.

"दोनदा हाक मारली, ताई. अगदी पाठीशी उभं राहून."

धाकटीने पदराने डोळे पुसले.

"यांना दवाखान्यात ठेवलं होतं. मी रडत फोनवर सांगितलं, आणि तू 'छान' म्हणालीस. तेव्हापासून मी मनात अढी धरून बसले होते."

 मेहुणे आता बरे होते, पण त्या 'छान'ने ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने सगळं सांगून टाकलं. धाकटीने लगेच आपल्याकडे चलायचा हट्ट धरला.

"तुझ्या घरात सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसू?" ताई म्हणाली. "इथे निदान बघायला तोंडच नाही."

धाकटी रडता रडता हसली. कानाच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं, फोनऐवजी मेसेज करायचं ठरलं. पातेलं घासून त्यांनी पुन्हा दाणे टाकले. फडक्याची घडी झाकणावर ठेवून धाकटीने ताईचा तळवा त्यावर टेकवला. हाताला खालून टिचक्या बसू लागल्या, वाढल्या, विरळ झाल्या. "आता," ताई स्वतःच म्हणाली.

संध्याकाळच्या बसने धाकटी गेली.

डॉक्टरांनी यंत्र दिलं. त्याने भांड्यांची आदळआपट ऐकू येई, माणसांचं बोलणं अर्धमुर्धंच. पुढच्या सुट्टीला ताईने एकटीपुरत्या मूठभर लाह्या केल्या, हात झाकणावर ठेवून, आणि 'आज एकही दाणा करपला नाही' असा मेसेज धाडला. धाकटी नवऱ्याच्या कामात गुंतलेली असावी. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तोवर उरलेल्या लाह्या मऊ पडल्या होत्या, ताई त्याच खात बसली होती.