ताई दुकानात आल्या की

ताईंनी गुडघा जमिनीला टेकवला आणि समोरच्या मुलीच्या पायात नवा बूट सरकवला. अंगठा कुठवर पोचतो ते दाबून पाहिलं.

"एक नंबर मोठा आण गं," त्या म्हणाल्या, आणि तीन विक्रेत्या एकदमच धावल्या.

काउंटरमागून मॅनेजर पाहत होता. नोकरी सोडतोय, असं त्याने सकाळीच फोनवर कळवलं होतं. एका खोलीत सुरू झालेल्या ताईंच्या दुकानाच्या आता गावोगावी शाखा झाल्या होत्या. त्यांतली सगळ्यात नीट चालणारी ही. म्हणून तर हातातलं टाकून त्या तडक आल्या होत्या. आल्या, आणि आधी गिऱ्हाइकात रमल्या.

मागच्या गोदामात त्यांनी विषयाला हात घातला.

"पगार वाढवून हवाय का?"

"पगाराचं काही नाही, ताई."

"मग?"

तो एका खोक्याचं झाकण नीट बसवत राहिला. "गेल्या खेपेला तुम्ही त्या गृहस्थांना वापरलेले बूट बदलून दिलेत."

"दिले. माणूस खूश झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"ज्या विक्रेतीनं आधी त्यांना नाही म्हटलं होतं, तिनं नाही वाजवल्या. मी घालून दिलेला नियम पाळत होती बिचारी. इथं येऊन रडली. तुम्ही आलात की सगळ्यांना हुरूप येतो, खोटं कशाला बोलू? पण तुमची पाठ वळली की मला कुणी जुमानत नाही. जो तो म्हणतो, ताईंना विचारू."



तेवढ्यात बाहेर आवाज चढला. दोघं गेले. एक बाई तळ सुटलेला बूट नाचवत होत्या आणि तीच विक्रेती खाली मान घालून उभी होती. ताई दिसताच सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या.

ताईंचा हात आपसूक पुढे झाला. मग तो पर्समध्ये गेला आणि चष्मा शोधू लागला. चष्मा नाकावरच होता.

"इथलं हे बघतात," त्या मॅनेजरकडे मान वळवून म्हणाल्या.

त्याने बूट घेतला, उलटसुलट केला आणि विक्रेतीच्या हातात दिला. "तुला काय वाटतं?"

ती गडबडली. मग तिने तळ वाकवून पाहिला. "वापरून झिजलेला नाही. चिकटवलेलंच सुटलंय. चूक आपली आहे."

"मग दे बदलून."

बाई निवळल्या. दुकान पुन्हा कामाला लागलं. कुणी ताईंकडे पाहिलं नाही.

मॅनेजर दारापर्यंत सोडायला आला. "उद्या नवा माल उतरतोय," तो म्हणाला. "मी आहे."

ताईंनी नुसती मान डोलावली.

गाडीत बसताच ड्रायव्हरने विचारलं, "आता कुठल्या दुकानात?"

"घरी," त्या म्हणाल्या. आणि भर दुपारी घरी कोण असतं, ते त्यांना काही केल्या आठवेना.