नाझारेनोचे साचे

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. घरादाराचे नव्हे हो, बुडालेल्या कारखान्यांचे! एर्सिलिया बोनफिली या वकीलबाईंनी मला विकत घेतले, तेव्हा त्या तरुण होत्या आणि मी लखलखत होतो. इटलीत, मार्केच्या डोंगरांतल्या गावोगावी आम्ही दोघे फिरलो.

कंपनी दिवाळखोरीत निघाली की कोर्ट बाईंना नेमायचे. आतला माल विकायचा आणि बँका, व्यापारी, कामगार अशा ज्यांचे पैसे अडकले त्यांना ते कायद्याप्रमाणे वाटायचे, हे त्यांचे काम. फाटक सांभाळणे हे माझे. पास्त्याचा कारखाना झाला, अकॉर्डियनचा झाला, कुठे एक खिळासुद्धा हलला नाही. न्यायाधीश बाईंची वाहवा करत आणि बाई मला तेल घालत. मला भारी गुर्मी चढली होती, खोटे कशाला बोलू?

मग एका उन्हाळ्यात बुटांचा कारखाना बुडाला. मला लावून बाई वळतात तोच म्हातारा कारागीर नाझारेनो धापा टाकत आला.

"वकीलबाई, दोन मिनिटं उघडा. माझे लाकडी साचे आत पेटीत राहिलेत."

"कारखान्याचे साचे आता कुणालाच नेता येणार नाहीत, काका."

"कारखान्याचे कुठले! माझ्या लेकीच्या, लोरेदानाच्या पायांचे आहेत. पोरीचा एक पाय लहान आहे, मी स्वतः कोरलेत. सप्टेंबरात लग्न आहे तिचं. बूट शिवायचेत."

"अर्ज करा ना. न्यायाधीशांना विचारल्याशिवाय मला आतली सुईही देता येत नाही."

"तुमच्या न्यायाधीशांना बाजारात मापाचे बूट मिळत असतील, म्हणून घाई नाही त्यांना! हे हात बघा. थरथरतात मेले. शिवता येईल अजून, पण नवा साचा कोरणं नाही जमायचं."

बाईंचा चेहरा उतरला. पण किल्ली काही पिशवीतून बाहेर आली नाही.

नाझारेनोने अर्ज केला. ऑगस्टभर कोर्टाला सुट्टी. भंगार विकायची परवानगी मात्र आधीच मिळालेली होती. बाईंनी भंगारवाल्याला बजावले, "नाझारेनोचं नाव असलेली पेटी तेवढी सोड." अहो, पण पेटीवर नाव होतेच कुठे? वर्षानुवर्षे एकाच बाकावर बसणाऱ्या माणसांत कोण कशाला नाव घालतो? कुणाचे काय ते सगळ्यांना ठाऊक होते, फक्त भंगारवाल्याला नव्हते. म्हाताऱ्यासाठी दोन मिनिटे न उघडलेला मी त्याच्यासाठी दिवसभर सताड उघडा राहिलो. साचे त्याने सरपण म्हणून विकले आणि ते पावाच्या भट्टीत जळाले.

सप्टेंबरात निकाल लागला. साचे नाझारेनोचेच, परत द्यावेत! बाई तो सांगायला स्वतः त्याच्या घरी गेल्या आणि भरपाईचे बोलू लागल्या.

"म्हणजे मी जिंकलो म्हणायचं," नाझारेनो म्हणाला आणि त्याने हळूच दार लावून घेतले.

लग्नाला बाई चर्चमध्ये अगदी मागे बसल्या होत्या. मी त्यांच्या पिशवीत होतो. लोरेदानाने एका बुटात कापूस कोंबला होता. एक पाऊल वाजे, दुसरे फरशीवर घासत जाई. वेदीपर्यंतचे ते अंतर संपता संपेना. बाई रडत होत्या आणि मला, पितळेच्या गोळ्याला, वितळून जावेसे वाटत होते.

पुढे बाईंनी खूप खटले जिंकले, त्यांचे नावही झाले. पण मला त्यांनी पुन्हा तेल घातले नाही. आता त्या थकल्या आहेत आणि मी खणात गंजत पडलो आहे. त्याचे दुःख नाही मला.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधीतरी कशाची तरी किल्ली येईल. कायदा जरूर पाळा. पण कुलूप अडकवण्याआधी दारात उभे राहून एकदा मोठ्याने विचारा, "कुणाचं काही आत राहिलंय का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आम्हा कुलपांना तोंड नसते हो, ते विचारणे तुम्हालाच भाग आहे.