नणंदेने उघडलेली फाइल

एस्टोनियातल्या व्होरू गावात जानीपाएव या उन्हाळी सणाच्या संध्याकाळी सगळे पेटलेल्या जाळाभोवती जमले होते. लेलोने बिअरचा ग्लास उचलला, तशी नणंद हेल्वे तिच्या कानाशी म्हणाली, "वहिनी, त्या गोळ्यांवर हे नको गं."

लेलोचा हात तिथेच थांबला. मन उदास असतं म्हणून चालू केलेल्या त्या गोळ्यांबद्दल तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, नवरा राइनलाही नाही. हेल्वे दवाखान्यात नर्स होती खरी, पण लेलो त्या दवाखान्याची पायरी कधी चढली नव्हती.

सकाळी तिने सरकारी आरोग्य पोर्टल उघडलं. देशातल्या सगळ्या दवाखान्यांच्या नोंदी तिथे एकत्र असतात. आपली माहिती कोणी कोणी पाहिली, ते तिथे कळतं. तिच्या डॉक्टरांच्या नावाखाली हेल्वेचं नाव होतं, तेही अनेकदा.

ती तडक हेल्वेच्या दारात जाऊन उभी राहिली. "माझ्या फाइलीत काय शोधत होतीस?"

"काळजीपोटी पाहिलं गं. तू काय परकी आहेस?"

"काळजी होती तर मला विचारायचंस."

हेल्वेचा चेहरा उतरला. "राइननेच बघायला सांगितलं. तू हल्ली त्याच्याशी बोलत नाहीस म्हणाला."

लेलोने तक्रार केली. हेल्वेची चौकशी लागली. पोर्टलवरची आपली फाइल लेलोने आता सगळ्यांना बंद केली आहे. राइनने पुन्हा पुन्हा माफी मागितली. लेलो त्याच्याबरोबर जेवते, बोलतेही. पण "आज कशी आहेस?" असं त्याने विचारलं, की याला आधीच काय काय ठाऊक असेल, हेच तिच्या मनात येतं.