डॉक्टरांना ठाऊक नव्हतं

"ठाव नाय? मग तुमच्या हातात सुरी कशाला देयाची?" विश्राम ताडकन उठला.

पालघरच्या छोट्या इस्पितळातले सर्जन दिनानाथ यांनी त्याला बसायची खूण केली. समोर विश्रामची बायको नवसी बसली होती, शिरगावची मासे विकणारी कोळीण. तिच्या उजव्या स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली होती. आणि या बाईने काय करावं? त्या गाठीवर महिनोन् महिने मुशी माशाचं तेल चोळलं! आता कापायचं, यात वाद नव्हता. वाद होता तो किती कापायचं याचा.

स्तन, त्याखालचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं मुळासकट काढा, असं दिनानाथांना त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं. पण त्याने पुष्कळ बायकांचा हात सुजायचा, खांद्याच्या वर जायचा नाही. नुसता स्तन काढून मग किरणांचे शेक दिले तरी भागतं, असं परदेशातले काही सर्जन अलीकडे म्हणत होते. खरं काय ते १९६५ साली कोण सांगणार?

म्हणून त्यांनी नवसीला आधी विचारलं होतं, "या हाताने काय काय करता?"

"बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवायचा, नि जोडी उंच दोरीवर टांगायची. हात वर गेला नाय तर माजी दोरी कोन भरनार? सून? तिला जमला तर मी नाव बदलीन!"

"काखेत गाठ लागत नाही, म्हणून माझा कल कमी कापण्याकडे आहे," दिनानाथ म्हणाले होते. "हात शाबूत राहील. पण रोग परत येईल का, ते मला ठाऊक नाही."

त्यावरच विश्राम भडकला होता. "चल मुंबैला. तिथला डाक्तर छाती ठोकून सांगंल!"

"बसा गुमान!" नवसी कडाडली. "वारा फिरंल का ठाव नाय, असा तोंडावर सांगनारा तांडेल मिलाला, तर मी तुमाला त्याच्याच होडीत धाडीन. डाक्तर, कमीच कापा."

एवढा विश्वास दिनानाथांवर कधी कुणी टाकला नव्हता. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला, आणि धास्तीही वाटली.

ऑपरेशनच्या वेळी तो लालबुंद स्नायू समोर दिसला तेव्हा त्यांचा हात थबकला. हा काढला की सुटलो. उद्या काही झालं तरी कुणी बोट दाखवणार नाही. त्यांनी तो राहू दिला.

मुंबईचे शेक झाले, पावसाळा गेला. हिवाळ्यात दिनानाथ शिरगावला गेले, तर किनाऱ्यावर नवसी दोन्ही हात वर करून बोंबील टांगत होती. चोळीची उजवी बाजू सपाट होती. ती झाकायला तिने पदर ओढला नाही.

"काय वो डाक्तर? रोग परत येनार नाय ना? आता तरी ठाव झाला?"

दिनानाथांना हो म्हणावंसं फार वाटलं.

"नाही, नवसीबाई. अजून ठाऊक नाही."

नवसी शेजारणींकडे वळून सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "बगितला गो? ह्यो माजा डाक्तर!"