चार कोड आणि एक तार

भिमाजी ओव्हाळांनी उर्शाच्या खाणीत घण मारला. त्यांचे चिरंजीव गेणू यांनी तोच दगड पाठीवरून ट्रकमध्ये चढवला. गेणूंचे चिरंजीव रतन रस्त्याच्या रोलरला ग्रीस लावता लावता म्हातारे झाले. तीन पिढ्यांचे हात दगडाने सोलवटले, तेव्हा कुठे चौथ्या पिढीतल्या सुहासच्या हाती मल्टिमीटर आला. खोदकामाच्या मशीनमध्ये वीज नेमकी कुठे अडली, हे लोणावळ्यापासून शिरगावापर्यंत त्याच्याइतके अचूक सांगणारा दुसरा माणूस नाही. हे कौतुक नव्हे. आहे ते आहे.

"त्याला काय इचारतोस? जाळलीय मशीन त्यानं!" उतारावर अडून बसलेल्या खोदकामाच्या मशीनसमोर मालक हौशीराम सुहासवर ओरडत होता.

ज्याच्याविषयी तो बोलत होता तो ऑपरेटर श्रीपती, साठीला टेकलेला, दगडावर बसून तंबाखू मळत होता.

"भाऊ, काल काय काय केलंत?" सुहासने त्यालाच विचारले.

"बकेटचा दात तुटला, त्यो वेल्डिंग करून घेतला. आदी बॅटरीची केबल काढली व्हती."

"कोण बगाया गेलतं?" हौशीराम म्हणाला. "तळेगावला बी असंच म्हणला असंल! शोरूमवाला फोनवरच म्हणला, कंट्रोलर गेला, बदला. आज संध्याकाळी नवा मागवतो, आन् ह्या श्रीपतीला घरी धाडतो."

जोडलेली बॅटरी तशीच ठेवून वेल्डिंग केले, तर मशीनचा संगणक, म्हणजे हाच कंट्रोलर, जळतो, हे या धंद्यातले पोरही जाणते. तळेगावात बावीस वर्षांपूर्वी तसे घडले होते आणि तो ठपका श्रीपतीच्या नावाला कायमचा चिकटला होता. श्रीपती जिथे जाई तिथे तो ठपका त्याच्या आधी पोचे. तो ठपका खरा कोणाचा, हे जगात दोघांनाच ठाऊक होते. केबल काढायला विसरला होता त्याच्या हाताखाली काम शिकणारा एकोणीस वर्षांचा सुहास. "तू गप ऱ्हा," श्रीपती तेव्हा म्हणाला होता. "मला दुसरी मशीन घावंल. तुला पुन्यांदा कोन दारात उबं करंल?" आणि सुहास गप्प राहिला होता. बावीस वर्षे.

त्याने मशीन चालू केले. इंजिन ठीक होते, पण बकेट दुखणाईताच्या हातासारखी जेमतेम उचलली जाई. पडद्यावर बिघाडाचे चार कोड होते, चार वेगवेगळ्या प्रेशर सेन्सरचे.

"चार सेन्सर एका रात्रीत मरत न्हाईत, दादा."

"म्हनूनच म्हनतो, कंट्रोलर!"

"एका घरातली चार माणसं एकदम आजारी पडली, तर आदी हंड्यातलं पाणी बगत्यात. ह्या चौघांना पाच व्होल्ट एकाच तारेतनं येत्यात."

त्याने मीटर लावला. पाचऐवजी अर्धा व्होल्ट. कंट्रोलरजवळचा जोड सोडवून, बाहेरच्या तारा सुट्या करून मोजले, तर पाच पुरे. म्हणजे कंट्रोलर धडधाकट होता. जोड पुन्हा बसवून त्याने एकेक सेन्सर सुटा केला. आकडा हलला नाही. दोष सेन्सरमध्येही नव्हता. वाटेत कुठेतरी तारच मशीनच्या लोखंडाला टेकत होती. मग पंपाच्या कप्प्याचे दार उघडून त्याने लाकडी दांड्याने तारांचा जुडगा हलक्या हाताने हलवायला सुरुवात केली. एका जागी आकडा टुणकन पाचावर गेला आणि परत पडला.

तिथे वाळून काळे झालेले लिंबू आणि सात मिरच्या होत्या. सळया बांधायच्या तारेने, जुडग्यालाच पीळ देऊन आवळलेल्या. मशीनच्या थरथरीने ती तार आतल्या तारेच्या प्लॅस्टिकात रुतली होती आणि दुसरे टोक लोखंडाला लागले होते.

"हे कोनी बांदलं?"

हौशीरामची आई चिमाबाई जेवणाचा डबा घेऊन तिथेच उभी होती. मशीन तिच्या नावावर होते.

"मी," ती म्हणाली. "दसऱ्याला."

"तारेनं कशाला, मावशी?"

"दोरा तुटतो. भायेर लावलं तर फांदीनं जातं. म्हनून आत, आन् तारेनं." तिने क्षणभर विचार केला. "दृष्ट न्हाई लागली. मीच लागले."

श्रीपती तंबाखू विसरून मोठ्याने हसला. सुहासने तार कापली, उघडी पडलेली वायर जोडून तिच्यावर नळी चढवली, कोड पुसले. बकेट झपकन वर गेली.

हौशीरामला मात्र माघार जड जात होती. "ह्या वक्ताला वाचला. हात जडच हाय ह्याचा. तळेगावची मशीन काय लिंबानं जळाली व्हय?"

सुहास हात पुसत होता. हौशीरामच्या चारही मशीनच्या दुरुस्तीचे वर्षभराचे काम त्याला मिळणार का, हे आजच ठरायचे होते.

"ती मी जाळली," तो म्हणाला. "केबल मी काढली न्हवती. भाऊंनी आपल्या अंगावर घेतलं."

"कशाला बोलतूस आता?" श्रीपती चिडून म्हणाला, आणि केबिनमध्ये चढून त्याने दार ओढून घेतले.

हौशीराम सुहासकडे पाहत राहिला. "मंग माज्या मशीनी तुज्या हाती कशा द्याच्या?"

"त्याच्याच हाती द्याच्या," चिमाबाई म्हणाली. "न्हाईतर तार मी बांदली, आदी मला काडून टाक. बगू."

हौशीरामने मान डोलावून तिच्या हातातला डबा घेतला. पण सुहासचे काम संपले नव्हते. इथे सांगून भागणार नव्हते. ठपका जिथून निघाला तिथे खरी गोष्ट पोचायला हवी होती. त्याने तळेगावच्या जुन्या मालकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आबा, सुहास ओव्हाळ. तुमची मशीन जळाली, ती—"

श्रीपतीने इंजिन जोरात दामटले. उतारभर आवाज भरला. सुहास बाजूला गेला नाही. मशीनसमोर उभा राहून, आवाज चढवून त्याने तेच वाक्य पहिल्यापासून सुरू केले.

इंजिन मंदावले. मग बंद झाले.

"—ती माझ्या हातनं जळाली. श्रीपती भाऊंची काय चूक न्हवती. जो भेटंल त्याला सांगा, आबा. माझं नाव घेऊन सांगा."

त्या शांततेत पलीकडच्या म्हाताऱ्याचे "सांगतो, बाबा, समद्यांना सांगतो" सर्वांना ऐकू आले. केबिनच्या काचेआड श्रीपती समोर पाहत बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून, सत्काराला बसवलेल्या माणसासारखा ताठ.