आडवा चौदा

शनिवारी दुपारी चारच्या आत तिसरी चूक दाखवली, तर मुद्रितशोधकाच्या पदरात पडणार होतं ते असं: वर्तमानपत्राच्या सहाव्या पानावर खाली डावीकडे वीतभर जागा, तिथल्या शब्दकोड्याखाली रोज छापून येणारं स्वतःचं नाव, आणि कचेरीत खिडकीजवळची एक खुर्ची. खुर्चीचा एक हात मोडका होता. पण ज्याने कायद्याची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि ज्याचं नाव त्यातल्या एकाही पुस्तकात आलं नाही, तो मोडक्या हाताकडे कशाला बघेल?

छापखाना बंद पडल्यावर तो कोड्याच्या मागे लागला होता. रोज सकाळी सोडवायचा, तेही पेनाने. पेन्सिलवाल्यांविषयी त्याचं मत बरं नव्हतं. मग रविवारी त्याच वर्तमानपत्रात ‘कोड्याची झडती’ नावाच्या सदरात आठवड्याच्या कोड्यांची हजेरी घ्यायचा: बुधवारची सूत्रं सपक, शुक्रवारचा उभा अकरा म्हणजे वाचकाला बावळट समजणं, आणि शेवटी आपण पेनाने सोडवतो ही बढाई. लोक झडती आधी वाचत, कोडं नंतर सोडवत. कोडं रचणाऱ्या बाईंनी कधी उलट उत्तर दिलं नाही, याचा त्याला जरा रागच होता.

बाई पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. बावीस वर्षं कोडं त्यांचंच. कामाला लागल्या त्या दिवशीच त्यांनी मालकांना बजावलं होतं, “एका आठवड्यात माझ्या तीन चुका निघाल्या, तर मला उठवायला कुणी येऊ नका. मीच उठेन.” बावीस वर्षांत एका आठवड्यात दोनही निघाल्या नव्हत्या. अलीकडे मात्र बाईंच्या हातात भिंग आलं होतं, आणि पुरवणीच्या तरुण संपादकाच्या डोक्यात बदल.

“काका,” सोमवारी तो फोनवर म्हणाला होता, “मालकांपुढे माझी जीभ उचलत नाही. पण नियम बाईंचाच आहे ना? या आठवड्यात तीन दाखवा. लेखी. शनिवारी चारला बाई पुढच्या आठवड्याची कोडी घेऊन येतात, तेव्हा यादी माझ्या टेबलावर पाहिजे. खुर्ची तुमची.”

मंगळवारी नवव्या चौकोनात आकडाच नव्हता. एक. गुरुवारी ‘सावली’ हा शब्द एकाच कोड्यात आडवाही आला, उभाही आला. दोन. शुक्रवारी कोडं निर्दोष निघालं, आणि मुद्रितशोधक घरात सगळ्यांवर, म्हणजे बायकोवर, खेकसत राहिला.

शनिवारी सकाळी अकरापर्यंत तो घामाघूम झाला होता. सगळं जुळत होतं. आणि मग उभा पंधरा अडला. सूत्र होतं, ‘नियमाला धरून’, चार अक्षरी, शेवटी ‘र’. सुरुवातीला मात्र ‘ई’. कारण शेजारच्या आडव्या चौदात त्याने केव्हाच ‘सुई’ लिहिली होती. त्याने शब्दकोश उघडला, ‘ई’ची सगळी पानं पालथी घातली. असा शब्दच नाही! माणूस लॉटरी लागल्यासारखा हसला.

“अगं, ये लवकर. यादी लिहून दे,” त्याने बायकोला फोनवर सांगितलं.

त्याचा हात थरथरायचा, म्हणून टपालाला जाईल ते सगळं बायकोच्या अक्षरात जायचं. ती चामड्याच्या पिशव्या शिवायच्या कारखान्यात होती. शनिवारी अर्धा दिवस असायचा. दोन वाजता आली, हात धुतले, जेवली, बसली. पहिली चूक लिहिली. दुसरी लिहिली. तिसरीला पेन थांबलं.

“आडव्या चौदाचं सूत्र काय म्हणालात?”

“‘चामड्याला शिवणीआधी भोक पाडते.’ दोन अक्षरी. सुई. पुढे लिही, उभा पंधरा सुटूच शकत नाही...”

“सुईने भोक नाही पडत.”

“मग काय नखाने पाडता तुम्ही?”

“आरीने पाडतात. सुई मागून येते, दोरा घेऊन. एकोणीस वर्षं तेच करते आहे मी. कधी विचारलंत?”

आरी. म्हणजे उभा पंधरा ‘री’ने सुरू. रीतसर. नियमाला धरून, चार अक्षरी. कोडं स्वच्छ सुटलं, आणि मुद्रितशोधकाचा चेहरा पडला.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

“लिही,” तो म्हणाला.

“काय लिहू?”

“सांगतो तेच. उत्तर उद्याच्या अंकात येतं. आज कुणाला कळतंय?”

“मला कळलंय की,” ती म्हणाली आणि पेनाला टोपण लावलं. “तिसरी तुमच्या अक्षरात लिहा. माझ्या नको.”

त्याने लिहिलं. वेडंवाकडं, थरथरत्या हाताने, पण लिहिलं.

चारला पाच मिनिटं असताना तो कचेरीत पोचला तेव्हा बाई आल्या होत्या. मोडक्या हाताच्या खुर्चीत ताठ बसलेल्या, मांडीवर आखीव कागदांची फाइल, बाहीवर खोडरबराचा चुरा. त्याने त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. इतक्या लहानखुऱ्या असतील असं झडती लिहिताना त्याला कधी वाटलं नव्हतं.

संपादकाने यादी वाचली आणि बाईंपुढे ठेवली. बाईंनी भिंग काढलं.

“मंगळवारचा आकडा पान लावताना गेला असेल. पण छापायच्या आधी तपासायचं काम माझं, तेव्हा चूक माझीच.” भिंग खाली सरकलं. “सावली. हो. अंक पाहिला तेव्हाच कळलं.” भिंग तिसऱ्या ओळीवर आलं आणि तिथेच राहिलं. “आडवा चौदा सुई... मी सुई घातली होती?”

“काकांनी सोडवलंय, बाई,” संपादक म्हणाला. “त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.”

मुद्रितशोधकाने टेबलाकडे पाहिलं. तोंड उघडायला एवढा वेळ पुरेसा होता.

“असेल,” बाई हळूच म्हणाल्या. “हल्ली आठवत नाही. घातली असेल सुई.” त्यांनी फाइल टेबलावर ठेवली आणि उठल्या. “झाल्या तीन.”

“थांबा!” मुद्रितशोधकाचा आवाज फाटला. “तुम्ही आरी घातली होती. आरी, रीतसर. बरोबर होतं सगळं. सुई माझी. मला दुपारीच कळलं होतं.”

संपादकाने फाइलकडे नेलेला हात मागे घेतला. “काका, हे काय आता?”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, कोडं निरखावं तसं.

“उशीर केलात,” त्या म्हणाल्या. “चूक तुमची होती हे मला कळायला हवं होतं. कळलं नाही. माझी नसलेली चूक मी माझी म्हणून घेतली. अशा माणसाने कोडी रचू नयेत.” दाराशी जाऊन त्या वळल्या. “आणि भाऊ, पेन्सिलीने सोडवत जा.”

दार लागल्यावर मुद्रितशोधकाने खुर्चीकडे पाहिलं. संपादकाने ते बघितलं.

“तुम्हाला आता कोणत्या तोंडाने देऊ?” तो म्हणाला. “मालकांनी विचारलं तर काय सांगू, यांना सुई आणि आरी एकच वाटते, आणि कळल्यावरही यादी आणून देतात?”

पुढच्या सोमवारपासून संगणकाने रचलेलं कोडं येऊ लागलं. निम्म्या जागेत बसणारं, खाली कुणाचंच नाव नसलेलं. त्यात चुका नसत आणि झडती घेण्यासारखंही काही नसे, म्हणून सदर आपोआप बंद झालं.

तर हिशेब असा. बाईंनी दिली बावीस वर्षं आणि स्वतःवरचा भरवसा. मुद्रितशोधकाने दिली न मिळालेली खुर्ची, मिळालेलं सदर, आणि बायकोचं अक्षर. तिने त्यानंतर त्याची एकही ओळ लिहून दिली नाही. वाचकांनी दिली सकाळची पंधरा मिनिटं, जी आता पाचात उरकतात. संपादकाने काही दिलं नाही. त्याला उरलेल्या जागेत एक जाहिरात मिळाली.