सुभद्रेची एकच थाप

अख्ख्या लकडगंजात सुभद्रेइतकी पक्की थापाडी बाई शोधून सापडली नसती, आणि गंमत म्हणजे तिची थाप एकच होती. लेक जयवंता सोळाची झाली तरी न्हाती-धुती झाली नव्हती. लोक नावं ठेवतील, लग्न अडेल, या धास्तीनं सुभद्रा तिला दर महिन्याला चार दिवस मागच्या पडवीत बाहेर बसवायची. वेगळं ताट, वेगळा गडवा, सगळं कसं साग्रसंगीत! जयवंता बिचारी आईपायी तिथं बसून स्वेटर विणायची.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मात्र पोरीचं पोट दुखायला लागलं. दर महिन्याला दुखे, थांबे, पुन्हा दुखे. पुढं ओटीपोट फुगलं, तशी सुभद्रा घाबरली आणि शेजारच्या कांताबाईला सोबत घेऊन तिनं दवाखाना गाठला.

"पाळी वेळेवर येते का हिची?" डॉक्टर इंदुताईंनी विचारलं.

कांताबाई शेजारीच उभी. सुभद्रा बोलून गेली, "येते नं बाई, अगदी नेमानं."

त्या काळी बिनलग्नाच्या पोरीला खालून तपासायचं डॉक्टरही टाळत. इंदुताईंनी नुसतं पोट चाचपलं. "मोठी गाठ आहे. उद्या पोट उघडावं लागेल. कदाचित गर्भाशयही काढावं लागेल."

सुभद्रेच्या पायाखालची जमीन सरकली. अब्रू गेली चुलीत! तिनं डॉक्टरांचा हात धरला.

"थांबा बाई. मी खोटं बोलली. माह्या पोरीले अजून एकदाबी पाळी नाही आली."

इंदुताई रागावल्या नाहीत. त्यांनी जयवंताला समजावून नीट तपासलं आणि हसल्याच. जन्मापासून एका पातळ पडद्यानं वाट बंद होती, दर महिन्याचं रक्त आतच साचत होतं. ती गाठ म्हणजे तेच. दुसऱ्या दिवशी भूल देऊन पडद्याला छोटीशी चीर दिली, दहा मिनिटांत काम झालं. पोटावर साधा ओरखडा नाही.

"लग्न, मुलंबाळं, सगळं होईल," इंदुताई म्हणाल्या. जयवंता शुद्धीवर आल्या आल्या भूक लागली म्हणाली. सुभद्रेला इतका आनंद झाला, की वॉर्डातल्या अनोळखी बायांनाही तिनं संत्री वाटली.

मग ती ओशाळून कांताबाईकडे वळली. "तुले फसवलं वं मी."

"कुठं फसवलं? मले दोन वर्षांपासून माहीत होतं. पोरगी बाहेर बसायची तवा तुह्या दोरीवर कधी पाळीचं कापड वाळताना दिसलं नाही."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुही अब्रू, मी कायले बोलू? पण काल तू अजून घडीभर गप राहिली असती नं, त मीच सांगणार होती डॉक्टरीणबाईले."

सुभद्रेनं तिचा हात घट्ट धरला आणि ती भर वॉर्डात हमसून हमसून रडली.